ठोकून बघलंस?

“बोट काढ! बोट काढ गो त्या बटनावरून!”

काका फाटकातूनच ओरडत आले. आवाज असा, की पलीकडच्या वाड्यावरच्या कोंबड्यांनी त्या दिवशी अंडी घातली नाहीत. मी दचकून बोट उचललं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पाचला अर्ज बंद होणार होता.

हे काका आमचे शेजारी. डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपात होते. ट्रक बाहेर पडण्याआधी चाकाचा एकेक नट हातोडीने ठोकून बघायचा, ही त्यांची ड्युटी. घट्ट नट ‘टण्ण’ वाजतो, सैल नट ‘बद्द’. खाण बंद पडली, ट्रक गेले, हातोडी मात्र काकांबरोबर घरी आली. मग त्यांनी नारळ ठोकले, पंचायतीची नवी बाकं ठोकली, आणि एकदा सोयरिकीसाठी आलेल्या मुलाच्या गाडीची चाकं ठोकून ‘मुलगो सैल आसा’ असा निकाल दिला. ती सोयरीक मोडली. हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे, अर्धं पाहिलंय.

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. कुणी काही नवं दाखवलं की आमच्या काकांचा एकच प्रश्न: “ठोकून बघलंस?”

माझे बाबा त्याच खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांचा डावा पाय लंगडतो. बिबटा आडवा आला आणि ट्रक उलटला, असं ते सांगत. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो बिबटा मांजराएवढा होता. मी बारावीला पोचेपर्यंत त्याचं डोकं शिरगावात आणि शेपूट वाळपईच्या बाजारात होती. फुगवून सांगायची माझी खोड तिथूनच आलीय. बिबट्याची गोष्ट सुरू झाली की काका मात्र उठून घरी जात. मला वाटे, कंटाळले.

तर तो अर्ज. मी बीसीए होऊन वर्षभर घरी बसले होते. जिथे जावं तिथे अनुभव मागत. पाळण्यापासून कोड लिहीत असते तरी त्यांना पुरला नसता. पणजीतली एकच कंपनी नवख्यांना घेत होती. अट एवढीच, स्वतः केलेला एक प्रोग्राम अर्जासोबत पाठवायचा. हे हुकलं तर सोमवारपासून मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं, असं घरात ठरलंच होतं.

माझा प्रोग्राम पोदेरासाठी होता. सायकलवरून भोंपू वाजवत घरोघर पाव-उंडे देणारा आमचा पोदेर. कुणाला काय हवं ते फोनवरून त्याला आधीच कळावं, म्हणून. सकाळी काकांना वापरायला दिला होता.

“दोनदा दाबलं,” काका धापा टाकत म्हणाले. “दोनदा पाव. हा बद्द वाजता.”

नेट मंद होतं, पडदा हलला नाही, म्हणून दाराची कडी वाजवावी तसं काकांनी बटण पुन्हा दाबलं होतं. पोदेराकडे दोन मागण्या गेल्या होत्या. मी म्हटलं, नंतर दुरुस्त करीन. पण अर्जावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, एकदा पाठवलेलं बदलता येणार नाही.

मी बाबांकडे पाहिलं. हा माणूस चहात साखर पडण्याआधी चहा पिऊन निघायचा. आता म्हणतील, दाब, काय ते दाब.

“थांब,” बाबा म्हणाले. “ते म्हणतत तर थांब.”

मी दोन ओळी बदलल्या. आता बटण दबेनाच. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली, नेट काकांच्या फोनवरून घेतलं, आणि माझ्या हातांना असा घाम, की कळफलकावर मासे सोडता आले असते. पावणेपाच झाले. बाबांचा लंगडा पाय एकसारखा हलत होता.

काका शेजारी बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “एकदा एकाक घाई होती म्हणून मी न ठोकता ट्रक सोडलंय. तू ठोक.”

चूक सापडली तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. मी दहाही बोटांनी बटण बडवलं. मागणी एकच गेली. काकांनी स्वतः पुन्हा दोनदा दाबून बघितलं, मान हलवली, आणि मी अर्ज पाठवला. पाचला एक मिनिट कमी.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलंच विचारलं, दोनदा दाबलं तर काय होतं, हे तुला सुचलं कसं? मी हातोडीपासून सगळं सांगितलं. नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर काका म्हणाले, “ऑफिसातली खुर्ची ठोकून बघलंस?”

गेल्या वर्षी काका गेले. तेराव्याला आम्ही त्यांच्या बलकांवात, दारापुढच्या ओसरीवर बसलो होतो. खिडकीत हातोडी तशीच होती, लाकडी दांडा हाताच्या घामाने काळा झालेला. बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. कुणीतरी त्यांना बिबट्याची गोष्ट सांगायला सांगितली. ते उठून घरी निघाले.

घरी येताना मी विचारलं, “बाबा, बिबटो खरंच आडवो इल्लो?”

“त्या दिवशी नट सैल होतो,” बाबा म्हणाले. “घाई माकाच होती.”