एकेक थर बंद करणारी बाई

मलकापूरच्या कॉम्प्युटरवाल्याने वापरलेली हार्डडिस्क नवी सांगून माझ्या गळ्यात मारली. लग्नपत्रिकेचं अ‍ॅनिमेशन अडकत होतं, संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, आणि मी माउस आपटत होतो. पत्रिका न्यायला आलेली बुरख्यातली बाई म्हणाली, "सरका भाऊ."

अ‍ॅनिमेशनमधली चित्रं एकावर एक थरांत रचलेली होती. तिने पाकळ्यांचा थर बंद करून चालवून पाहिलं, मग दिव्यांचा. घाई नव्हती.

"सगळे एकदम बंद करा ना, ताई."

"सगळ्यायले एकदम हाकललं तं चोर कोन होता, कसं समजन?"

शेवटी सगळे थर बंद झाले तरी रिकामा पडदाही अडकला, म्हणजे चोर थरांत नव्हताच. तिने फाईल पर्समधल्या स्वतःच्या डिस्कवर घेतली, थर पुन्हा चालू केले, तशा पाकळ्या सरसर पडल्या. माझ्या डिस्कची माहिती उघडली, तर ती कित्येक वर्षं चाललेली निघाली.

बाईचं नाव विचारायचं राहिलं. कॉम्प्युटरवाल्याचं मला पाठ आहे. ही डिस्क कोणाच्या मशीनमधून काढली, ते त्याने माझ्या दुकानात येऊन सांगावं.