आपल्या घरचं पाणी

मी चौथी शिकलोय. सगळा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात गेला. शिकलेल्या माणसांनी पुस्तकात काय लिहावं हे मी सांगू नये. पण माझ्या बायकोच्या माणसांबद्दल एका शिकलेल्या माणसानं जे लिहिलं, त्याला मजकूर मी दिला होता. ते सांगितल्याशिवाय मला आता घास जात नाही.

बायको जाऊन सात महिने झाले. ती दर गुरुवारी सकाळी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडात जायची. वीस-बावीस माणसं जमायची. एक शिंपीण, बिड्या वळणाऱ्या चारपाच बाया, संकेश्वरकडं साखर कारखान्यात जाणारा एक फिटर, असलीच सगळी. स्वामी नाही, फोटो नाही, आरती नाही. प्रत्येकानं आपल्या घरून तांब्याभर पाणी आणायचं आणि मधल्या घागरीत ओतायचं. मग तासभर गप्प बसायचं. शेवटी त्या घागरीतलं दोन घोट पाणी सगळ्यांनी प्यायचं आणि घरी यायचं. झालं. एवढाच त्यांचा धर्म.

त्यात सगळ्या जातींची माणसं होती, आणि मला तेच सलायचं. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. एकदा मी तिला दारातच अडवलं.

"आपल्या घरचं पाणी त्या घागरीत न्यायचं न्हाई. सांगून ठिवतो."

ती म्हणाली, "आपलं पानी असं काय अमृत लागून गेलंय? बोअरचं मचूळ पानी. चहा नासतोय त्यानं."

"मचूळ असू दे न्हाईतर काय असू दे. न्यायचं न्हाई."

तिनं वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती रिकामा तांब्या घेऊन जायची आणि वाटेत शिंपिणीच्या नळावर भरून घ्यायची. तीन वर्षं. आमच्या घराचं पाणी त्या घागरीत पुन्हा कधी पडलं नाही. मला वाटायचं, मी जिंकलो.

मग ते सर आले. कुठल्याशा विद्यापीठातले, छोट्या छोट्या पंथांवर पुस्तक लिहीत होते. माणूस वाईट नव्हता. चप्पल बाहेर काढून आत आला, सुनेनं दिलेला चहा कपाळाला आठी न घालता प्याला. नेमका गुरुवार होता, बायको शेडात गेलेली, आणि मी सकाळपासून धुमसत होतो.

"आण्णा, तिथं जायला लागल्यापासून त्यांच्यात काही बदल?"

"बदल? डोकंच फिरवलंय तिचं. माझं ऐकत न्हाई."

"घरातलं काही तिकडं नेतात का?"

"काही? घरातलं सगळं तिकडंच नेती ती!"

काय नेती, हे त्यांनी विचारलं नाही. तांब्याभर पाणी, आणि तेही आता आमचं नव्हे, हे मी सांगितलं नाही. मी तिच्यावरचा राग बोललो. त्यांनी वहीत उतरून घेतला.

पुढं बऱ्याच दिवसांनी त्या पुस्तकातला एक तुकडा पेपरात आला. सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवला. आमच्या गावाचं नाव नव्हतं, पण घागर होती, शेड होतं, म्हणजे पत्ताच दिल्यासारखं होतं. वर मोठ्या अक्षरात 'कल्ट' असा शब्द. मी विचारलं, हे काय? सून म्हणाली, "मामंजी, माणसाचं डोकं ताब्यात घेणारी टोळी, असं असतंय ते." खाली लिहिलेलं, की सभासद घरचं ऐकत नाहीत, घरातल्या वस्तू तिकडं जातात, असं एका सभासदाच्या नवऱ्यानं सांगितलं.

तो नवरा मी.

मी म्हणेन, की लोकांना आधीपासून त्या शेडाचा राग होताच. पण रागाला नाव नव्हतं. पुस्तकानं नाव दिलं, आणि तेही शिकलेल्या माणसाच्या तोंडचं. त्यानंतर जो तो तज्ज्ञ. किराणावाला बिड्या वळणाऱ्या बाईला म्हणाला, "काय गं, कल्टवाली, आज कुणाचं डोकं फिरवलंस?" शेडाच्या मालकानं कुलूप घातलं. फिटरच्या पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. शिंपिणीकडं ब्लाउज टाकणाऱ्या बाया दुसरीकडं जायला लागल्या. आमच्या घरी मुलाच्या सासरची माणसं आली आणि पाण्याला हात न लावता उठून गेली. मग मी बायकोला म्हटलं, "बास झालं. आता जायचं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. तांब्या घासून फळीवर पालथा घातला.

मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

दीड वर्षानं तिचं लिव्हर गेलं. बेळगावात पंधरा दिवस ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"अवं, एक करतासा?"

"काय?"

"घागरीतलं पानी पायजे मला."

त्यांच्यात तशी रीत होती. कुणी शेवटाला आलं, की सगळ्यांच्या घरचं पाणी एकत्र करून त्याला पाजायचं. पण आता घागर कुठली आणि शेड कुठलं. मी दुधाची किटली घेतली आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसांच्या दारात गेलो. फिटरनं दार उघडलं, किटली बघितली, आणि म्हणाला, "नको आण्णा. आणखी एक पोरगी हाय माझी लग्नाची." त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. एका बाईनं तर खिडकीतूनच हात हलवला. बारा दारं फिरलो, चार घरांतून पाणी मिळालं. शिंपिणीनं किटली भरत आणली आणि विचारलं, "आक्का बोलत्यात का?"

"बोलत्यात."

"जावा मग. पळा."

घरी आलो तेव्हा ती जागी होती. मी वाटीत पाणी ओतलं, चमचा तिच्या ओठाला लावला. तिनं तोंड उघडलं नाही. माझ्याकडं बघत राहिली.

"आपल्या घरचं घातलं न्हवं ह्यात?"

मी घातलं नव्हतं. बारा दारं फिरलो, आणि माझ्याच घराची आठवण झाली नाही. माठ दहा पावलांवर होता. उठायचं, तांब्या बुडवायचा, एवढंच काम. पण मी उठलो तर तेवढ्यात ती जाईल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, नाही म्हणायला तोंड नव्हतं. तीन वर्षं जे मी अडवलं, तेच नेमकं विसरलो, हे कसं सांगायचं?

"घातलंय की," मी म्हटलं.

ती दोन चमचे प्याली. डोळे मिटले आणि म्हणाली, "लई गोड हाय."

मला केवढं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरानं ते सर पुन्हा आले. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. खाली मान घालून बसले. मी म्हटलं, "सर, तो शब्द खोडा."

ते म्हणाले, "आण्णा, आमच्यातसुद्धा यावर वाद चालू आहे. काही म्हणतात, हा शब्दच टाकून द्यावा, नवा पंथ म्हणावं. काही म्हणतात, काही ठिकाणी माणसं खरंच नागवली जातात, तिथं मवाळ शब्द वापरला तर त्यांच्यावर अन्याय होतो."

"नागवलं आसंल तर नागवलं म्हणून लिवा की. कुणी, कुणाला, काय नेलं, ते लिवा. हितं काय नेलं हुतं? तांब्याभर पाणी."

"तुम्हीच म्हणाला होता, सगळं नेते म्हणून."

"व्हय. मी चुकीचं बोललो. पन तुमी शेडात गेलता का?"

"दोनदा गेलो. कुणी काही बोललंच नाही. नुसते गप्प बसून होते."

"गप्पच बसत्यात ती, सर. तेच त्यांचं काम."

त्यांना हसू आलं, मलाही आलं, आणि मग दोघांनाही कसंतरी झालं. जाताना ते म्हणाले, छापलेलं मागं घेता येत नाही, पण पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती घालतो. त्यांचा वाद अजून चालू असेल. चालू दे. इथं शेडात आता सिमेंटची पोती आहेत.

ही दुरुस्तीची गोष्ट सांगायला मी शिंपिणीकडं गेलो. ती मशीनवर होती, पाय न थांबवता ऐकत होती. दुरुस्तीचं झाल्यावर मी तिला ते दुसरंही सांगून टाकलं. आमच्या घरचं पाणी नव्हतं, मी खोटं बोललो, पण निदान बायकोला कळलं नाही, गोड आहे म्हणाली.

शिंपिणीचे पाय थांबले.

"आण्णा, आमाला कळतंय. इतकी वरसं सगळ्यांचं पानी पितोय आमी. कुणाचं आज आलं न्हाई, ते पहिल्या घोटाला कळतंय. तुमच्या बोअरचं मचूळ पानी एक तांब्या जरी पडलं, तरी सगळी घागर मचूळ लागायची. आक्काच चेष्टा करायच्या त्याची."

तिनं मशीन पुन्हा सुरू केली नाही.

गोड हाय, असं ती म्हणाली होती.