बोझकुर्त, म्हणजे करडा लांडगा

बोझकुर्त नव्या माणसाला आडनावाचा अर्थ आधी सांगे आणि स्वतःचे नाव मागाहून. "करडा लांडगा!" असे म्हणत तो समोरच्याचा हात इतका दाबे की अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी मंडळींनी त्याला तापट ठरवून टाकले. गेल्या हिवाळ्यात तो वारला, आणि आता हीच मंडळी सांगतात की त्याने पोटच्या मुलाला घराबाहेर काढले होते. सात वर्षे मी त्याचा शेजारी होतो. ही हकिकत साफ खोटी आहे.

मोटारींच्या कारखान्यात साचे घडवणारा हा तुर्क माझ्याशी जोडला गेला तो माझ्या आडनावामुळे. मी लांडगे. अर्थ कळताच तो कुंपणापलीकडून ओरडला, "आबी, एका गल्लीत दोन लांडगे! लोकांनी राहायचं कसं?" आबी म्हणजे थोरला भाऊ. त्या दिवसापासून मला दुसरे नाव उरले नाही.

त्याच्या देशात आडनाव सक्तीचे झाले तेव्हा मेंढपाळ आजोबांनी हे निवडले होते. "कळप खाणाऱ्याचंच नाव घेतलं?" मी डिवचले. तो म्हणाला, "गावात सगळे सिंह झाले, आबी. सिंह कुणीच पाहिला नव्हता. आजोबांनी लांडगा पाहिला होता."

दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर त्याच्या मुलाच्या, एमरेच्या नोकरीच्या अर्जांना ते तुर्की आडनाव पाहून उत्तरे येईनात. तीन वर्षांनी एमरेने आडनाव बदलून 'बेकर' व्हायचे ठरवले. बोझकुर्त ते सांगायला माझ्याकडे आला आणि उभाच राहिला.

"हाकलून दे," मी म्हणालो. "माझ्या अभयने लांडगेचं लँडन केलं, तेव्हा मी तेच केलं."

होय, तो मी. मंडळींनी माझी करणी त्याच्या माथी मारली आहे.

"हाकलून काय होणार, आबी?" तो म्हणाला. "तो बाहेरच उभा आहे. आत घ्यावं म्हणून तर नाव बदलतोय."

सुनावणीच्या दिवशी त्यानेच गाडी काढली आणि मलाही बसवले. कोर्टाच्या दारात एमरे पुटपुटला, "बाबा, तुम्ही आत नाही आलात तरी चालेल."

"का? बेकरला बाप नसतो?"

न्यायाधीशांनी कुणाची हरकत आहे का, असे विचारले. बोझकुर्त उठला. एमरेचा चेहरा उतरला. "हरकत नाही," बोझकुर्त म्हणाला. "मी मोठ्याने सांगायला आलो होतो."

परतताना एमरेला त्याच्या घरी सोडल्यावर बोझकुर्तने गाडी कडेला घेतली आणि आपला फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"अभयचा नंबर पाठ आहे का, आबी?"

पाठ होता.