रोज एक ‘नाही’

शारजाहून दुबईला रोज गाडीने जाणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. पोट आणि किस्से! पोटाचं मला काही करता आलं नाही. किस्से निदान सांगून टाकते, तेवढंच हलकं वाटेल.

अंतर म्हणाल तर वीस-पंचवीस किलोमीटर. वेळ म्हणाल तर सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन. एवढा वेळ बंद काचांच्या आत बसलेली माणसं एक तर भांडतात, नाहीतर एकमेकांना सगळं सांगून टाकतात. आम्ही दोन्ही केलं.

गाडी माझी. लायसन सहाव्या टेस्टला मिळालेलं, त्यामुळे त्याच्यावर माझा फार जीव. मी दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर होते. शेजारच्या सीटवर गोडबोले काका. एका कन्सल्टंटकडे सीनियर ड्राफ्ट्समन, वय छप्पन्न, आयुष्यात कधी कुणाचा शब्द मोडला नाही. मागे माधवी, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी. तिच्या शेजारी गुहागरचा सुरेश, एसी मेकॅनिक. हा आमचा एसी दुरुस्त करायला आला होता. जाताना म्हणाला, “ताई, उद्या लिफ्ट मिळेल का?” आणि पुढे चार वर्षं गाडीतच राहिला!

दिवस २००८च्या आर्थिक क्रॅशनंतरचे. टॉवर अर्धवट उभे होते, क्रेन जागच्या जागी थांबलेल्या. दर आठवड्याला कुणीतरी सोफा आणि फ्रीज विकून परत जात होतं. आणि जे उरले होते ते सगळे, सगळ्याला ‘हो’ म्हणत होते. पगार कापू? हो सर. दोघांचं काम एकटा करशील? हो सर. शुक्रवारी येशील? इन्शाल्ला सर!

मला त्या ‘हो’चा भयंकर राग यायचा.

* * *

काकांच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम उरलं नव्हतं. रिकामा स्टाफ एकमेकांशी बोलायला लागला की मॅनेजमेंटला भीती वाटते. म्हणून सगळ्यांना दोन दिवस एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. विषय, ‘तुमच्यातलं आंतरिक सामर्थ्य’.

ट्रेनरने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. “कल्पना करा, तुम्ही एक पर्वत आहात.” काका दुपारी जेवणानंतरचे पर्वत. दोन मिनिटांत झोपले! ट्रेनर हळूच इतरांना म्हणाला, “बघा, याला म्हणतात इनर पीस.” संध्याकाळी उत्तम सहभागाचं सर्टिफिकेट काकांना मिळालं.

सर्टिफिकेटबरोबर एक पुस्तिकाही होती. जॅममध्ये काका मोठ्याने वाचू लागले. त्यात लिहिलं होतं, ज्याला प्रेमाने ‘नाही’ म्हणता येतं त्याच्याच ‘हो’ला किंमत असते.

मागून सुरेश म्हणाला, “काका, एवढं शिकायला हॉटेल कशाला? आमची म्हातारी विळीवर बसून शिकवायची.”

मी तिथेच, ब्रेकवर पाय ठेवून, कायदा केला. गाडीतल्या प्रत्येकाने रोज कुणाला तरी एक ‘नाही’ म्हणायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा. ज्याला जमणार नाही त्याच्याकडून सगळ्यांना कडक चहा. आमच्या वाटेवर एक कॅफेटेरिया होता, हॉर्न वाजवला की चहा खिडकीत यायचा. “चार कप, चार दिरहम, म्हणजे बावन्न रुपये!” काका घाबरून म्हणाले.

* * *

पहिल्या आठवड्यात मी एकटीने अकरा रिपोर्ट दिले. डॉक्टरांना नाही, सोसायटीच्या वॉचमनला नाही, पुण्याच्या नणंदेला तर दोनदा नाही! तिचं म्हणणं होतं, “तुमच्याकडे मंदी आहे म्हणजे सोनं स्वस्त असेल ना गं? आम्ही पाचजण येतोय.”

गुरुवारी सुरेशने हरकत घेतली. “ताईंना नाहीची प्रॅक्टिस नकोच आहे. ताईंनी रोज एक ‘हो’ म्हणायचं.”

मतदान झालं. तीन विरुद्ध एक! मला इतका राग आला की मी दोन सिग्नल कुणाशी बोलले नाही.

त्या संध्याकाळी घरी माझा मुलगा समोर आला. वय पंधरा, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. “आई, कॅन यू जस्ट लिसन? टेन मिनिट्स? नो अॅडव्हाइस?”

माझ्या जिभेवर सल्ला तयार होता. पण कायदा म्हणजे कायदा. “हो,” म्हटलं आणि गप्प बसले. तो दहाची चाळीस मिनिटं बोलला. त्याच्या मनात इतकं काय काय होतं, मला पत्ता नव्हता. ऐकताना डोळे भरून आले माझे.

चाळीस मिनिटं माझा आवाज नाही, म्हणून आमचे हे आतून धावत आले. कपाळाला हात लावून म्हणाले, “ताप आहे का गं?”

* * *

काकांचा पहिला ‘नाही’ ऐतिहासिक होता. क्रेडिट कार्ड विकणाऱ्याचा फोन आला आणि काका स्पष्ट म्हणाले, “नाही, मला कार्ड नको.” आम्ही टाळ्या वाजवल्या! तेवढ्यात माझा फोन वाजला. मग माधवीचा. मग सुरेशचा. तिघांनाही तोच क्रेडिट कार्डवाला.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्याचं टार्गेट राहिलं होतं हो. तीन नंबर तर द्यायचे होते.”

चहा काकांकडून.

* * *

सुरेशचा ‘नाही’ मात्र खणखणीत. ऑगस्ट महिना. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायचं नाही, असा तिथला सरकारी नियम. आणि फोरमन दुपारी एकला सांगतो, “छत पे जा, कॉम्प्रेसर खोल.”

सुरेश जिन्याच्या सावलीत बसला. “नहीं जाएगा उस्ताद.”

“नोकरी जाएगा तेरा!”

“जाने दो. मुदीर को बोलो, ऊपर आके दस मिनट बैठे. वो बैठा तो मैं दो घंटा बैठेगा.”

मुदीर म्हणजे मॅनेजर. तो खरंच आला, टाय लावून, तावातावाने. गच्चीच्या लोखंडी शिडीला त्याने हात लावला मात्र... हात झटकत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत खाली उतरला.

“तीन बजे,” खालून आवाज आला. “खलास.”

हे सांगताना सुरेशने दोनदा फोन बघितला, फोरमनचा तर नाही ना म्हणून. घाबरलाच होता तो. गावाकडे पाच माणसं त्याच्या पगारावर होती. घाबरून ‘नाही’ म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

आता माधवी. कायदा झाल्यापासून तीन आठवडे जवळजवळ रोज चहा माधवीकडून. “आज नाही जमलं,” एवढंच म्हणायची आणि पर्स उघडायची. एक दिवस चहा हातात धरून म्हणाली, “निलेशने तिकिटं काढलीत. माझं आणि इराचं. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारचं. फक्त जायचं, परतीचं नाही.”

निलेश तिचा नवरा. त्याचा पगार निम्मा झाला होता. त्याने ठरवलं, बायको-मुलगी साताऱ्याला आईवडलांकडे आणि आपण बेडस्पेसमध्ये, म्हणजे आठजणांच्या खोलीत एक खाट. त्या दिवसांत अशी कितीतरी घरं अर्धी परत गेली.

“आणि तुझी नोकरी?” मी विचारलं.

“सोड म्हणाला. माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे ना. त्याने रद्द केला की संपलं.”

गंमत बघा, आता माधवीचा पगार निलेशच्या निम्म्या पगारापेक्षा जास्त होता! एका खोलीत तिघं आरामात राहिले असते. पण बायकोच्या पगारावर घर चालतं हे साताऱ्याला कळलं तर? निलेश वाईट माणूस नाही. कुणाची गाडी बंद पडली तर पहिला धावेल. पण संकट आलं की घरातल्या माणसांना कपाटात ठेवून कुलूप लावायचं, हा त्याचा स्वभाव. मी तर त्याच दिवशी त्याच्या दारात जायला निघाले होते. काकांनी मला थांबवलं. “वर्षाताई, तुमचा ‘नाही’ तिला काय कामाचा?”

मग आम्ही गाडीत तालीम घेतली. सुरेश निलेश झाला. दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून, निलेशच्या आवाजात म्हणाला, “हे बघ माधवी, मी सगळा विचार केलाय. तू फक्त बॅगा भर.”

मी आरसा तिच्याकडे वळवला.

माधवी म्हणाली, “बरं. लोणच्याची बरणी इथेच ठेवू का?”

काकासुद्धा हसले. माधवीही हसली, आणि मग एकदम रडायला लागली. कॅफेटेरिया आला तसा काकांनी हात लांब करून गुपचूप हॉर्न वाजवला. त्या दिवशीचा चहा कुणी दिला ते आठवत नाही.

* * *

मधल्या काळात काकांनी बाजी मारली. त्यांच्या वरच्या तीन मॅनेजरांनी त्यांना बोलावून सांगितलं, “मिस्टर गोडबोले, तुमच्या सेक्शनमधली सगळ्यात निरुपयोगी तीन नावं द्या. कारणासहित.” हाताखालच्या तिघांना घरी पाठवायचा डाव होता.

काकांना तोंडावर ‘नाही’ म्हणवेना. जागेवर आले. आपल्या मोत्यासारख्या ड्रॉइंगच्या अक्षरात तीन नावं लिहिली. तिन्ही त्याच मॅनेजरांची! कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘चित्र काढता येत नाही.’

एचआरच्या मुलीने न वाचता तो कागद हेड ऑफिसला पाठवला. पुढच्या महिन्यात तिघांपैकी एक खरोखर गेला!

“माझ्यामुळे नसेल ना हो?” काका अजून विचारतात. हाताखालची तिन्ही पोरं मात्र टिकली.

* * *

तिकिटांच्या त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माधवीचा फोन आला. “ताई, शुक्रवारी आम्हाला एअरपोर्टला सोडाल?”

‘नाही’ माझ्या ओठांवर आला होता. जे टाळण्यासाठी तीन आठवडे रक्त आटवलं तिथे मीच तिला पोचवू? पण माझा त्या दिवशीचा ‘हो’ शिल्लक होता. “हो,” म्हटलं आणि फोन आपटला.

शुक्रवारी सकाळी अकराला निघालो. निलेश पुढे, माझ्या शेजारी. माधवी आणि दहा वर्षांची इरा मागे. नेमका त्या दिवशी रस्ता रिकामा! निलेश सारखा बोलत होता. “वर्षाताई, प्रॅक्टिकल व्हावं लागतं. सहा-आठ महिने फक्त. मार्केट उठलं की बोलावून घेतो.”

“बाबा, आय हॅव अ सायन्स टेस्ट ऑन संडे,” इरा म्हणाली.

“तिकडेपण टेस्ट असतात बेटा.”

मागे माधवीने इराचा पट्टा घट्ट केला. मी आरशात बघायचं टाळलं. राग तिचा येत होता, त्याचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा.

डिपार्चर्सच्या दारासमोर गाडी लावली. निलेश उतरला, ट्रॉली आणली, तिन्ही बॅगा रचल्या, मागचं दार उघडलं. “चला, उतरा.”

माधवीचा पट्टा लावलेलाच होता. इराच्या पट्ट्याच्या खटक्यावर तिने आपला हात ठेवला होता.

“नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“नाही. मी जाणार नाही. तू मला विचारलंच नाहीस, निलेश. सांगितलंस. माझी नोकरी इथे आहे, हिची शाळा इथे आहे. एका खोलीत राहू तिघं. त्याची तुला लाज वाटत असेल, मला नाही वाटत.”

“अगं, तिकिटं...”

“ती तू काढलीस. तूच बघ.” आणि तिने हात लांब करून दार ओढून घेतलं.

पोलीस येऊन बॉनेटवर थाप मारायला लागला. “यल्ला, यल्ला! मॅडम, मूव्ह!”

“ताई,” माधवी म्हणाली, “गाडी काढा.”

फुटपाथवर निलेश, तीन बॅगा आणि उघडं तोंड. माझा त्या दिवशीचा ‘हो’ अजून शिल्लक होता.

“हो!” मी म्हटलं आणि गाडी काढली.

एअरपोर्टचा वळसा मोठा आहे. मागे इरा आईचा हात धरून बसली होती. पूर्ण चक्कर मारून पुन्हा त्याच दारासमोर आलो. निलेश एक पाऊलही हलला नव्हता. दोन्ही हात ट्रॉलीवर, नजर येणाऱ्या गाड्यांवर.

मी गाडी थांबवली. माधवीने काच खाली घेतली. निलेश वाकला.

“माधवी,” तो म्हणाला, “काय करायचं आपण?”

“आधी बॅगा डिकीत टाक.”