रिबेकाबाईंचा शुक्रवारचा दिवा

या पोरांनो, जरा जवळ सरका. आधी रागावून घेते, मग सांगते. ऑफिस तुमचं बॉल्सब्रिजला, तिथून डार्टच्या लोकलने इथे डून लेरीला यायला कितीसा वेळ लागतो? पण तुमचं आपलं ठरलेलं... "काकू, या वीकेंडला नाही जमत, नेक्स्ट टाइम नक्की!" बरं, ऐका. काही आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी सकाळी, शेजारच्या रिबेकाबाईंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच." हातातला कणकेचा गोळा हातातच राहिला. आणि पहिला विचार काय आला, सांगू? उद्या शुक्रवार. आता माझी नात ईरा माझ्याजवळ कशी बसणार?

रिबेकाबाई आमच्या शेजारच्याच घरात राहायच्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, अलिबागकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून आयर्लंडला आल्या आणि इथल्याच झाल्या, पण तोंड उघडलं की अस्सल कोकण. मी मुलाकडे राहायला आले तेव्हा वाटलं होतं, आता मराठी बोलायला भिंतीच. नात ईरा, तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. दिवसभरात "हाय आजी, बाय आजी", संपलं. तर या बाई कुंपणावरून म्हणतात कशा, "ओला नारळ आहे का गं घरात? इथलं फ्रोझन खोबरं मेलं साबणासारखं लागतं!" झाली मैत्री. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या मेणबत्त्या लावायच्या, मला नि ईराला बोलवायच्या आणि गोष्ट सांगायच्या, मराठीतून, कीर्तनासारखी हात हलवत. त्या तासात ईरा मला टेकून बसायची.

पहिल्याच शुक्रवारी मी घोळ घातला. निघताना त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा सवयीने बंद केला. रिकाम्या खोलीत दिवा जळताना मला बघवतच नाही हो! शनिवारी संध्याकाळी डबा आणायला गेले, तर बाई मिट्ट काळोखात बसलेल्या.

"अगं, आमचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की दिवा लावायचा नाही, मालवायचाही नाही, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. गावाकडे उगाच शनवार तेली म्हणायचे आम्हाला? शनिवारी घाणा बंद!"

"अहो, मग काल हाक का नाही मारलीत?"

"कशाला? मला वाटलं, छपरावर हिलेल आले."

हिलेल म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे ज्यू गुरुजी, रब्बी. बाबिलोनहून यरुशलेमला शिकायला आलेले, मोलमजुरी करणारे. एकदा काम मिळालं नाही, फी देता येईना, तर दारवानाने आत सोडलं नाही. हे चढले छपरावर आणि झरोक्याला कान लावून धडा ऐकत राहिले. वरून बर्फ पडतोय. सकाळी आतले गुरुजी म्हणतात, आज खोलीत अंधार कसा? वर बघतात तर झरोक्यात माणूस, गारठलेला! शब्बाथ होता, तरी त्यांनी विस्तव पेटवून त्याला शेकलं. "नियम माणसाला जगवायला असतो गं," रिबेकाबाई म्हणाल्या. मी शाळेत फारशी न गेलेली, पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई... छपरावरचा तो माणूस मला एकदम आपला वाटला.

ईराची एक गंमत सांगते. एकदा दारातूनच ओरडली, "रिबेकाआजी, आय हॅव कमोगी, जस्ट टेल मी द एंड!" कमोगी म्हणजे इथल्या मुलींचा काठीचेंडू. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग एका पायावर उभी राहा." हिलेलकडेही असाच एक घाईवाला आला होता. मी एका पायावर उभा आहे तोवर तुमचा सगळा धर्म शिकवा, म्हणाला. दुसऱ्या रब्बींनी त्याला हाकललं होतं. हिलेल म्हणाले, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस. बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण. आता जा, शीक.

ईरा लंगडी घालत म्हणाली, "दॅट्स इट? ग्रँड!"

"ग्रँड काय! शेवटचं ऐकलंस का? शीक म्हणाले ते!"

शेवटच्या भेटीत मला म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी तू सांगायची."

"मी? मला कुठे येतंय... सवडीने बघू."

"सवड मिळाली की शिकेन, असं म्हणू नकोस, हेही हिलेलच सांगून गेलेत. सवड कदाचित मिळायचीच नाही." आणि माझ्या पुढ्यात चहा सरकवला.

त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या शुक्रवारी मी ओट्याशी उभी होते. ईरा शाळेतून आली, कमोगीची काठी भिंतीला टेकवली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध एक पाय उचलून उभी राहिली. मराठीत म्हणाली, "आजी, रिबेकाआजी सांग ना."

मी गॅस बंद करून खुर्चीवर बसले. पण पोरीचा पाय लटपटायला लागला होता, थांबून कसं चालेल? म्हटलं, "माझ्यामुळे रात्रभर काळोखात बसली, आणि मलाच हसवलं. बाकी सगळं स्पष्टीकरण. बस खाली, सांगते."

तिने पाय टेकला आणि मला टेकून बसली.

तेव्हापासून शुक्रवारी गोष्ट मी सांगते. घरभर दिवे मालवत अजूनही फिरते, पण त्या रात्री स्वयंपाकघरातला एक तसाच राहू देते. रस्त्यावरून दिसतो. तेव्हा सवड बघत बसू नका रे पोरांनो, येत्या शुक्रवारीच या. आणि येताना एक ओला नारळ आणा.