चिठ्ठीकाकांचा कचरा

चिठ्ठीकाकांची एक चिठ्ठी मी कचऱ्यात फेकली होती. वकिलीचं पहिलं वर्ष. काळा कोट नवाकोरा होता, अक्कल मात्र अजून शिंप्याकडेच होती.

नागपूरच्या आमच्या कायद्याच्या ग्रंथालयात काका ग्रंथपाल. एखादा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला, की ते निकालांच्या जुन्या खंडात त्याच पानावर तशी चिठ्ठी खोचून ठेवत. आपण नुसतं भांडण सांगायचं. चष्मा कपाळावर चढवून काका कपाटाशी जात आणि बोट नेमकं त्या पानावर. म्हणायचे, "खटल्याचा नंबर पाठ नको करू वं पोरी. नंबरामागं माणूस राहते."

स्वतः मात्र डबा एकटेच खात, खिडकीकडे तोंड करून. आमचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे खंड मागणं. बायको गेल्यापासून ते हुडकेश्वरला एकटेच राहतात, हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलंच कधी होतं?

भिवापूरच्या शांताबाई माझ्या अशील. नवरा गेला आणि दिराने त्यांना घराबाहेर काढायचा हुकूम मिळवला. त्या दिवशी नागपूरच्या कोर्टात स्थगिती मिळाली नाही, तर संध्याकाळी त्यांची भांडीकुंडी रस्त्यावर. काकांना न विचारता मीच शोधलेला खंड कोर्टापुढे ठेवायचा म्हणून मी त्यातली चिठ्ठी न वाचताच उपटून टाकली. केवढी माझी टापटीप! जोरात निकाल वाचला. समोरचे वकील उठून म्हणाले, "हा तर कधीच फिरवलाय." सगळे हसले. शांताबाईंनी माझा कोट ओढला, "काहून हासून राहिले वं सारे?"

न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ दिली. मी ग्रंथालयाकडे पळाले. काकांनी अर्धा डबा तसाच झाकला.

"चिठ्ठी कुठं आहे?"

"कचरा वाटला, काका."

"कचराच होय तो. फक्त वाचा लागते."

चार खंड काढले, तीन परत ठेवले. चौथा माझ्यापुढे उघडला. "यातली बाई तुह्या बाईसारखीच आहे. जा, पळ."

स्थगिती मिळाली. शांताबाई रडल्या. मी त्यांना धरमपेठेत नेलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त जिलेबी मीच खाल्ली. ग्रंथालय वाटेतच होतं.

आता काका नाहीत. माझी नात वकील आहे. निकाल फोनवर शोधते, अडली की आजीला विचारते. मग आठवडाभर तिचा पत्ता नसतो. तिच्या अशिलाचं काय झालं, या विचारात मी फोन मांडीवर घेऊन बसते. फोन गप्प, घरही गप्प. अशा वेळी ती दुपार आठवते. शांताबाईंच्या स्थगितीनंतर पंधरा दिवसांनी मी दुसरा खंड मागायला गेले होते. काकांनी तो काढला, पण लगेच हातात दिला नाही. म्हणाले,

"त्या बाईचं घर राहिलं का वं पोरी? त्या दिवशी कुलूप लावून तुही वाट पाहत पायरीवर बसलो होतो. शोधाले सारेच येते. पुढं काय झालं, ते सांगाले कोणी येत नाही."