हळद शिजवणाऱ्याची शपथ

माझे बाबा माझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, यंदाचा सगळा उन्हाळा, रोज दुपारी बारा वाजता. आजारी माणसाबद्दल आमच्याकडे वाईट बोलत नाहीत, पण मला बोलायचं आहे.

माझ्या माहेरी, रिठदकडे, उन्हाळ्यात हळद शिजते. शेतातच कुकर लावतात, म्हणजे खाली धगधगती भट्टी आणि वर वाफेची मोठाली लोखंडी पिंपं. हळद शिजली की नाही हे बाबा काडी टोचून सांगायचे. काडी अलगद आत गेली की "उतरवा" म्हणायचे, आणि मग कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. कुकरवाला त्यांना गावोगाव न्यायचा. या मानाचे बाबा फार भुकेले. हळदीचं कोणी विचारायला आलं की ताटावरून उठायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्याच भट्टीजवळ त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरलं, उलटी झाली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सलाईन लावता लावता मला आणि माईला, माझ्या आईला, चांगलंच खडसावलं. हा इशारा आहे, म्हणाल्या. अकरा ते चार उन्हात अन् भट्टीपाशी जायचं नाही, तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, ताक प्यायचं. आणि माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर क्षणभर थांबायचं नाही. दवाखान्याची गाडी बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं.

घरी आल्यावर मी बाबांना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या पायांशी बसले. "माह्या डोक्शावर हात ठेवून सांगा, दुपारचं भट्टीवर जाणार नाई."

आमच्यात याच्यापुढे शपथ नाही. खोटी घेतली तर ज्याच्या डोक्यावर हात, त्याला ती बाधते म्हणतात. मी असलं मानत नाही. बाबा मानतात, म्हणून तर मी मुद्दाम तीच मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पदरावर हात धरला आणि म्हणाले, "नाई जाणार, बाई."

यंदा मी निर्धास्त होते. सासरी, कारंज्यात, मी कापडाच्या दुकानात काम करते. बारा वाजले की गिऱ्हाईक समोर असलं तरी फोन लावायचे.

"कुठं हाये, बाबा?"

"घरीच हाओ. पंख्याखाली पडून राह्यलो."

मागून घरघर ऐकू यायची. आमचा पंखा जुना आहे, मला वाटायचं त्याचीच असेल. एकदा फोन माईने उचलला. "निजले हायेत," ती म्हणाली. म्हणजे तीही सामील होती.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. "तुह्ये बाबा कायबी बोलून राह्यले. मलेच वळखत नाईत. आंग पोळून राह्यलं, अन् घामाचा थेंब नाई."

"काय केलं तुमी?"

"चादर पांघरली. तळपायाले कांदा चोळून राह्यलो."

"चादर काढ! पंख्याचा वारा घाल!"

ती म्हणाली, "पंखा कुठं आनू? आमी शेतात हाओ. कुकरपाशी."

दुकानात चार बायका साड्या बघत होत्या. त्यांच्यासमोर मी आईवर ओरडले. चादर फेक, सावलीत न्या, तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा, अंगावर पाणी ओता. मागून कोणी पुरुष म्हणत होता, तापल्या आंगावर थंडं पानी टाकत नसतात. कुकरला वाफ पाहिजे म्हणून शेजारीच पाण्याची टाकी भरलेली होती. तिच्यापासून चार पावलांवर माझा बाप चादरीत गुंडाळून भाजत होता. शेवटी माईनेच बादली भरली. किती वेळ गेला होता ते मला आजवर कोणी खरं सांगितलेलं नाही.

बाबा वाचले. पण जीभ जड झाली आणि हात कापू लागले. घास तोंडात जाईपर्यंत अर्धा सांडतो. काडी धरणं तर आता संपलंच.

मी माहेरी गेले ती भांडायलाच. त्यांची अवस्था बघूनही राग उतरला नाही. बाबा ओट्यावर बसले होते, मी पुन्हा त्यांच्या पायांशी बसले.

"माह्या डोक्शावर हात ठेवला होता तुमी. माह्या जिवाचीबी काळजी वाटली नाई?"

ते जड जिभेने एकेक शब्द जुळवत बोलले.

"ठेवला नोता, बाई. वरच धरला होता. तुले लागू देला नाई."

म्हणजे त्या दिवशीच, शपथ घेता घेताच त्यांचं जायचं ठरलेलं होतं. डोक्यावर मला जे वजन वाटलं होतं, ते नुसतं पदराचं होतं. मला रडूही येईना.

कसा धरला होता ते दाखवायला त्यांनी हात उचलला आणि माझ्या डोक्यावर बोटभर अंतरावर आणला. पण आता तो हात तसा राहत नाही. थरथरत तो माझ्या केसांना लागत राहिला, आणि बाबा तो उचलायला धडपडत राहिले.